वादकच मालक : एएफओ रेकॉर्ड्सची अडीच वर्षं

१९६२ साल उजाडलं तेव्हा अमेरिकेतल्या रेडिओवर ‘आय नो’ नावाचं गाणं सारखं वाजत होतं. गायिका होती बार्बरा जॉर्ज, न्यू ऑर्लिन्स शहरातली एकोणीस वर्षांची मुलगी. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. मध्येच ती थांबते आणि एक कॉर्नेट पुढे येतो. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं जरा आखूड, गोल आवाजाचं भावंड. वाजवणारा मेल्विन लॅस्टी. त्याला कुठेही जायची घाई नाही. साधे, सरळ स्वर, आणि त्यात चर्चमधल्या गाण्याची ऊब. या एका तुकड्यासाठी मी हे गाणं कितीतरी वेळा पुन्हा पहिल्यापासून लावलं आहे.

लॅस्टी हा रेकॉर्डिंगला येऊन, वाजवून, पैसे खिशात टाकून घरी जाणारा वादक नव्हता. ज्या कंपनीनं ही तबकडी काढली तिचा तो एक मालक होता. ड्रम वाजवणारा जॉन बूद्रो, बास वाजवणारा चक बॅडी, गिटारवाला रॉय मॉन्ट्रेल, सॅक्सोफोनवाला ॲल्विन ‘रेड’ टायलर, हे सगळेच मालक. कंपनीचं नाव एएफओ. ‘ऑल फॉर वन’, म्हणजे एकासाठी सगळे. १९६१ मध्ये ती निघाली आणि १९६३ मध्ये तिच्या बहुतेक मालकांनी गाव सोडलं. सुरुवातीच्याच तबकड्यांपैकी एक देशात पहिली आली, आणि तरी कंपनी टिकली नाही. हे का झालं ते कळायला रेकॉर्डच्या धंद्यात पैसा कुठून येतो आणि वाटेत कुठे अडकतो हे माहीत असावं लागतं. ते समजायला अवघड नाही. गाण्यावर जीव टाकणारी आपण माणसं त्या बाजूला सहसा बघत नाही, एवढंच.

रिदम अँड ब्लूज या नावापासून सुरुवात करू. हे नाव एखाद्या तालाचं किंवा गायकीचं वाटतं, पण जन्मानं ते बाजारातल्या एका कप्प्याचं नाव आहे. ‘बिलबोर्ड’ हे संगीत-व्यापाराचं साप्ताहिक कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी निघणाऱ्या रेकॉर्ड्सना ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या रेकॉर्ड्स, म्हणायचं. १९४९ मध्ये त्यांनी ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नाव सभ्य झालं, पण कप्पा तसाच राहिला. आर अँड बीची यादी वेगळी, सर्वसाधारण पॉपची वेगळी. ‘आय नो’ पहिल्या यादीत पहिलं आलं आणि दुसऱ्या यादीत तिसरं. त्या काळात हा दुसरा आकडा मोठा होता, कारण गोऱ्या घरांतली पोरंसुद्धा ही तबकडी विकत घेत आहेत असा त्याचा अर्थ होता.

न्यू ऑर्लिन्समध्ये अशी गाणी तयार करणारी माणसं मुबलक होती. रॅम्पार्ट आणि डुमेन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर कॉझिमो मटासाचं दुकान होतं, त्याच्या मागच्या लहानशा खोलीत त्याचा स्टुडिओ. डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ तिथे ध्वनिमुद्रित झालं आणि सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’. रॉक अँड रोलचा पाया ज्या खोल्यांमध्ये घातला गेला त्यांतली ही एक. पण डॉमिनोची कंपनी इम्पीरियल आणि लिटल रिचर्डची स्पेशॅल्टी, या दोन्ही लॉस एंजेलिसच्या. गाणारे इथले, वाजवणारे इथले, स्टुडिओ इथला. कंपनीचा माणूस यायचा, चार दिवस राहायचा, टेप घेऊन परत जायचा.

‘टुटी फ्रुटी’मध्ये जो जाड आवाजाचा बॅरिटोन सॅक्सोफोन आहे तो रेड टायलरचा. त्या दिवशी त्याला काय मिळालं असेल? बिदागी. अमेरिकेत वादकांची संघटना मजबूत होती आणि रेकॉर्डिंगचे दर तिनं ठरवून दिलेले असत. एक बैठक तीन तासांची, त्यात साधारण चार गाणी. बैठक संपली की ठरलेली रक्कम हातात, संबंध संपला. तबकडी पाचशे खपो की दहा लाख, वादकाच्या मिळकतीत फरक नाही.

नुसतं वाजवायचं असतं तर हा व्यवहार कोणाला फारसा बोचला नसता. पण न्यू ऑर्लिन्सची रीत अशी की गाण्याची बांधणी बहुतेक वेळा स्टुडिओतच व्हायची, कागदावर काही न लिहिता. गायक नुसती चाल आणि शब्द घेऊन यायचा. सॅक्सोफोनवाले आपसात दोन-चार स्वर जुळवून बघायचे, ड्रमवाला ठेका बदलून बघायचा, आणि तासाभरात त्या गाण्याला त्याचं रूप यायचं. लोक पुढे आयुष्यभर जो तुकडा गुणगुणतात तो कित्येकदा असा सुचलेला असतो. कायद्यानं मात्र गाणं म्हणजे चाल आणि शब्द. सॅक्सोफोनची ती ओळ ज्यानं बसवली, त्याचं नाव हक्काच्या कागदावर यायचं कारणच नव्हतं.

आता पैशाचे प्रवाह. तबकडी विकली गेली की पहिला वाटा कंपनीचा, कारण मूळ टेप, म्हणजे मास्टर, तिच्या मालकीची. गायकाला करारात असेल ती रॉयल्टी, आणि ती हाती पडायच्या आधी स्टुडिओचा खर्च आणि दिलेली उचल वजा होते. उचल हा शब्द आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या संदर्भात ऐकू येतो. इथेही तिचा अर्थ तोच. पैसे आज मिळतात, आणि ते फिटेपर्यंत केलेल्या कामाचं नवं काही मिळत नाही. दुसरा प्रवाह गाणं लिहिणाऱ्याचा. १९०९ च्या कायद्यानं दर प्रतीमागे दर गाण्याला दोन सेंट ठरवले होते, आणि तो दर थेट १९७८ पर्यंत तसाच राहिला. ही रक्कम गीतकार-संगीतकार आणि त्यांचा प्रकाशक यांच्यात वाटली जाते. तिसरा प्रवाह रेडिओचा, आणि तो मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. अमेरिकेत गाणं रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. गाणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्यालाही नाही. तिथल्या साध्या रेडिओ केंद्रांच्या बाबतीत हे आजही खरं आहे.

तिन्ही प्रवाह नीट पाहिले तर वादक एकाच्याही काठावर नाही. हे स्वच्छ दिसलं ते हॅरल्ड बॅटिस्टला.

बॅटिस्टचा जन्म १९३१ चा, न्यू ऑर्लिन्सचाच. डिलर्ड विद्यापीठात संगीत शिकला, शाळांमध्ये मुलांना शिकवलं, सॅक्सोफोन वाजवला. मनानं तो आधुनिक जॅझचा माणूस. पियानोवादक एलिस मार्सॅलिस आणि ड्रमवादक एड ब्लॅकवेल यांच्यासोबत त्याची जॅझची चौकडी-पंचकडी जमायची. पण पोटासाठी त्यानं स्पेशॅल्टी कंपनीचं न्यू ऑर्लिन्समधलं काम सांभाळलं. गायक हेरायचे, गाणी बसवायची, बैठका घडवून आणायच्या. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यानं बसून पाहिल्या होत्या. त्याच सुमारास नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या धार्मिक चळवळीची ‘आपलं आपण उभं करा’ ही आर्थिक शिकवणही त्याला पटलेली होती. दुकान आपलं, माल आपला, नफा आपल्या वस्तीत. वर्णभेदाच्या कायद्यांखाली चाललेल्या त्या शहरात वादकांच्या संघटनेच्या शाखासुद्धा गोऱ्यांची एक आणि काळ्यांची वेगळी होती. तिथे ही शिकवण कोणालाही रोजच्या जगण्यातून कळत होती.

१९६१ हे साल धाडसाला पोषकही होतं. त्या वसंतात एर्नी के-डोचं ‘मदर-इन-लॉ’ दोन्ही याद्यांमध्ये पहिलं आलं. ते काढलेलं मिनिट रेकॉर्ड्स हे नाव न्यू ऑर्लिन्सचं, बाहेरगावचं नव्हे. आपल्या गावातून तबकडी काढून देश जिंकता येतो, याचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

बॅटिस्टचा प्रस्ताव साधा होता. गावातल्या उत्तम तबकड्यांवर वाजवणारे आपणच आहोत. मग आपणच कंपनी काढू. बैठकीची बिदागी मागायची नाही, नफ्यात वाटा घ्यायचा. गाण्यांच्या हक्कांसाठी स्वतःची प्रकाशन संस्थाही काढायची. बाहेरच्या कंपन्यांना वादक भाड्यानं घ्यावे लागत, एएफओला वादक आयते होते. कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च तिच्या मालकांच्याच दोन हातांत होता. सहकारी साखर कारखान्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही कल्पना लगेच कळेल. ऊस पिकवणारेच सभासद.

पहिली तबकडी निघाली प्रिन्स ला ला या नावानं गाणाऱ्या लॉरेन्स नेल्सनची. ‘शी पुट द हर्ट ऑन मी’ हे ते गाणं. अंधारलेलं आणि थोडं घाबरवणारं. ते आर अँड बी यादीत पोचलं. गुणी माणूस, पण पुढे दोन-तीन वर्षांतच तो तरुण वयात गेला. त्यानंतरची तबकडी ‘आय नो’. ते बार्बरानं स्वतःच लिहिलेलं.

आणि इथून अडचण सुरू होते. ती समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. आकडे माझे आहेत, सोयीसाठी रुपयांत घेतले आहेत. समजा एक तबकडी छापून घ्यायला १० रुपये लागतात आणि वितरक ती ३० रुपयांना घेतो. तुमच्याकडे ५० हजार रुपये आहेत. तुम्ही ५ हजार प्रती काढल्या. गाणं चाललं. पंधरा दिवसांत वितरकांकडून १ लाख प्रतींची मागणी आली. छापखान्याला १० लाख रुपये द्यायचे, आणि नव्या कंपनीला उधारी कोण देणार? वितरक पैसे देणार तीन महिन्यांनी. त्यातही न खपलेला माल परत पाठवायची त्याला मुभा, म्हणजे त्यानं उचललेली प्रत विकली गेली की नाही हे तुम्हाला महिनोन्महिने कळत नाही. छोट्या कंपनीकडे मागून दुसरं गाजलेलं गाणं येणार नसेल तर आधीचे पैसे लवकर चुकते करायची घाई त्याला नसते. कागदावर तुम्ही २० लाख नफ्यात आहात. हातात मात्र काही नाही, आणि मागणी आहे तोवर माल पोचला नाही तर पुढच्या महिन्यात गाणं शिळं.

गाणं पडलं तर छोटी कंपनी थोडक्यात बुडते. गाणं गाजलं तर तिला मोठं भांडवल लागतं, आणि ते तिच्याकडे नसतं.

द्राक्ष पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. बाग आपली, मेहनत आपली, पण माल नाशवंत आणि बाजारात आडत्या उभा. एएफओनं आडत्या शोधला तो न्यू यॉर्कचा. सू रेकॉर्ड्स ही कंपनी, तिचा मालक जगी मरे. तोही कृष्णवर्णीय उद्योजक, आणि १९६० मध्ये आइक आणि टीना टर्नर यांची ‘अ फूल इन लव्ह’ त्यानंच काढलेली. देशभर माल पोचवायची यंत्रणा त्याच्याकडे होती. करार झाला, तबकड्या सू रेकॉर्ड्सच्या वाटेनं देशभर गेल्या. ‘आय नो’ पहिल्या क्रमांकावर पोचलं त्यात या वाटेचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. लॅस्टीचा कॉर्नेट कितीही गोड असला तरी तो पायी चालत शिकागोच्या दुकानात गेला नसता.

पण मरेला गावातल्या या सहकारी कंपनीपेक्षा गायिका महत्त्वाची वाटली. त्याच्या जागी असलेल्या बहुतेकांना तसंच वाटलं असतं. थोड्याच काळात बार्बरा जॉर्ज एएफओ सोडून सू रेकॉर्ड्सकडे गेली, आणि दोन्ही कंपन्यांचे संबंध तुटले. तिला दोष द्यावासा मला कधी वाटलं नाही. विशी गाठायच्या आधी देशभर गाजलेली मुलगी, समोर न्यू यॉर्कची मोठी कंपनी. पुढे तिची एकही तबकडी ‘आय नो’च्या जवळपास पोचली नाही. तिच्या मागे वाजवणारी माणसं दुसऱ्या गावात राहिली होती, आणि ती माणसं काय करत होती हे तेव्हा कोणाला मोजता आलेलं नव्हतं.

एएफओच्या रचनेतली फट इथे दिसते. वादकांनी वाजवण्याची मालकी मिळवली, टेपची मिळवली, प्रकाशनाची मिळवली. बाजाराकडे जाणारा रस्ता मात्र दुसऱ्याचा होता, आणि श्रोत्यांच्या लक्षात राहणारं नाव गायिकेचं. ते नाव गेल्यावर उरलेली तिन्ही हक्कपत्रं खरी असूनही एकदम हलकी झाली. बॅटिस्टचा विचार चुकला असं मी म्हणणार नाही. त्याला एक मजला अजून बांधायचा होता आणि त्यासाठी लागणारी उधारी त्या काळात काळ्या माणसाला कुठलीही बँक सहज देत नव्हती.

कंपनी लगेच बंद पडली नाही. विली टी, टॅमी लिन, वॉलेस जॉन्सन यांच्या तबकड्या निघाल्या. मॅक रेबेनॅक या गोऱ्या पोराचीही एक वाद्यसंगीताची तबकडी निघाली. आणि बॅटिस्टनं अशी एक गोष्ट केली जी धंद्याच्या हिशेबात बसत नाही. त्यानं जॅझ काढलं. १९६३ चा एलिस मार्सॅलिसच्या चौकडीचा ‘मंकी पझल’ हा अल्बम एएफओचा आहे. सॅक्सोफोनवर नॅट पेरिलियाट, ड्रमवर जेम्स ब्लॅक. त्यातली ‘मॅग्नोलिया ट्रँगल’ ही जेम्स ब्लॅकची रचना पाच मात्रांच्या चक्रात चालते. आपल्या कानाला विषम मात्रा सवयीच्या, त्यामुळे ती ऐकताना एक वेगळीच ओळख पटते. हा अल्बम फारसा खपणार नाही हे काढणाऱ्यांना ठाऊक असणारच. तरी काढला, कारण दुसऱ्या कुणी न्यू ऑर्लिन्सच्या या आधुनिक वादकांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. स्वतःची कंपनी असण्याचा हा उपयोग मला खपाच्या आकड्यांहून मोठा वाटतो. हा अल्बम नसता तर त्या काळातला एलिस मार्सॅलिस आज आपल्याला ऐकायला मिळणंच कठीण होतं.

१९६३ मध्ये बॅटिस्ट आणि त्याचे बरेचसे सोबती लॉस एंजेलिसला गेले. तिथे सॅम कुक या नावाजलेल्या गायकानं त्यांना काम दिलं. कुकची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती आणि मालकी या विषयावर त्याचं आणि बॅटिस्टचं चांगलं जमायचं. शहराच्या काळ्या वस्तीत ‘सोल स्टेशन’ नावाची जागा त्यांनी सुरू केली, गल्लीतल्या पोरांना येऊन गाऊन दाखवता यावं म्हणून. डिसेंबर १९६४ मध्ये कुक मारला गेला आणि तेही संपलं. मग बॅटिस्टनं सॉनी आणि शेर या गायक जोडीसाठी काम केलं. ‘आय गॉट यू बेब’ची वाद्यरचना त्याची. आणि तो रेबेनॅक आठवतो? तो लॉस एंजेलिसला येऊन ‘डॉक्टर जॉन’ या नावानं गाजलेला गायक-पियानोवादक झाला. त्याचा १९६८ चा ‘ग्री-ग्री’ हा पहिला अल्बम बॅटिस्टनंच घडवला.

रेड टायलर मात्र न्यू ऑर्लिन्सचाच राहिला, आणि त्याच्या वाट्याला हाच धडा दुसऱ्यांदा आला. १९६६ मध्ये जॉर्ज डेव्हिस आणि इतरांसोबत त्यानं पार्लो रेकॉर्ड्स काढली. पुन्हा वादकांची कंपनी, पुन्हा सुरुवातीलाच प्रचंड यश. आरन नेव्हिलचं ‘टेल इट लाइक इट इज’ आर अँड बी यादीत पहिलं आणि पॉपमध्ये दुसरं. या वेळी वितरण गावातलंच होतं, डोव्हर रेकॉर्ड्सचं. डोव्हर कोणाची? कॉझिमो मटासाची. स्टुडिओवाल्यानं स्थानिक छोट्या कंपन्यांसाठी रस्ता बांधून द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे एएफओची फट बुजवायचा तो प्रयत्न होता. छापखान्याची देणी आधी, वितरकांची वसुली मागून. वर मांडलेला हिशेब जसाच्या तसा घडला. गाणं आकाशाला भिडलं, आणि पार्लो, डोव्हर, शेवटी मटासाचा स्टुडिओसुद्धा कर्जात आणि थकलेल्या करात गेला. मटासासारख्या सज्जन माणसाचं ते नुकसान वाचताना आजही वाईट वाटतं. न्यू ऑर्लिन्सच्या संगीतानं इतकं मोठं स्थानिक घर नंतर बराच काळ पाहिलं नाही.

टायलर पुढे दिवसा दारूच्या कंपनीचा विक्रेता म्हणून नोकरी करायचा आणि रात्री जॅझ वाजवायचा. १९८० च्या दशकात त्याचे स्वतःच्या नावानं दोन जॅझ अल्बम निघाले.

बॅटिस्टनं टेप सांभाळून ठेवल्या होत्या. १९७६ मध्ये त्यानं १९५६ ते १९६६ या काळातल्या न्यू ऑर्लिन्सच्या आधुनिक जॅझचा एक संच स्वतःच काढला. १९८९ मध्ये तो गावी परतला, कारण एलिस मार्सॅलिसनं न्यू ऑर्लिन्स विद्यापीठात जॅझचा अभ्यासक्रम सुरू केला होता आणि त्याला शिकवायला बोलावलं होतं. एएफओ हे नावही त्यानं पुन्हा जागं केलं. १९९० च्या दशकात इंग्लंडच्या एस रेकॉर्ड्स या कंपनीला एएफओच्या जुन्या आर अँड बी गाण्यांचे संग्रह काढायचे होते. त्यांनी परवानगी मागितली ती बॅटिस्टकडे. तीस वर्षांपूर्वी बिदागी न घेता वाजवलेल्या त्या टेप होत्या.